भाडेकरूची पडताळणी : घरमालक आणि भाडेकरूसाठी नियम

घर भाड्याने देण्यापूर्वी इच्छुकाची ओळख, पूर्वीचा पत्ता आणि उत्पन्नाचे साधन तपासण्यास भाडेकरू पडताळणी म्हणतात. मुंबई, दिल्लीसह अनेक शहरांत भाडेकरूची माहिती पोलिसांना कळविण्याचे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ अन्वये काढले जातात. असा आदेश सामान्यतः दोन महिनेच लागू राहत असल्याने तो वेळोवेळी नव्याने काढावा लागतो. उल्लंघन करणाऱ्या घरमालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार कारवाई होऊ शकते.

पोलिसांना माहिती दिली म्हणजे कराराची नोंदणी झाली, असे नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय वाद उद्भवल्यास, अन्यथा सिद्ध न झाल्यास, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

ओळखपत्र म्हणून आधारचे केवळ शेवटचे चार अंक दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत भाडेकरूला देता येते.