पुस्तकाचे दुकान आणि वाङ्मयेतिहास : ‘सिटी लाइट्स’च्या निमित्ताने

वाङ्मयेतिहास लिहिताना आपण ग्रंथ, ग्रंथकार, प्रवृत्ती आणि कालखंड यांची मांडणी करतो. अलीकडे नियतकालिकांना आणि त्यांच्या संपादकांना या मांडणीत जागा मिळू लागली आहे. प्रकाशकाचा उल्लेख बहुधा ऋणनिर्देशाच्या पातळीवर होतो. पुस्तक विकणारा माणूस मात्र या इतिहासात जवळजवळ दिसतच नाही. साहित्याच्या समाजशास्त्राने ही उणीव दाखवून देऊनही बराच काळ लोटला आहे. रॉबेर एस्कार्पीने १९५८ मध्ये वितरणाचा विचार साहित्यविचाराच्या कक्षेत आणला, आणि रॉबर्ट डार्न्टनने १९८२ मध्ये लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता आणि वाचक यांचे एक वर्तुळ कल्पून ग्रंथेतिहासाची रूपरेषा मांडली. तरीही विक्रेत्याकडे पाहण्याची आपली दृष्टी फारशी बदललेली नाही. तयार झालेले वाङ्मय वाचकापर्यंत पोचवणारा हमाल, असेच त्याचे स्थान आपण गृहीत धरतो. हे गृहीत कितपत टिकते याचा विचार एका परदेशी दुकानाच्या आणि एका मुंबईकर दुकानाच्या निमित्ताने येथे करावयाचा आहे.

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नॉर्थ बीच या इटालियन वस्तीत, कोलंबस अव्हेन्यूवर, १९५३ मध्ये ‘सिटी लाइट्स’ हे दुकान सुरू झाले. पीटर मार्टिन हा ‘सिटी लाइट्स’ याच नावाचे एक लहान नियतकालिक चालवीत असे. नाव चॅप्लिनच्या चित्रपटावरून घेतलेले. नियतकालिकाचा खर्च भागावा म्हणून दुकान काढावे अशी त्याची कल्पना होती. पॅरिसमधून डॉक्टरेट घेऊन आलेला कवी लॉरेन्स फर्लिंगेटी त्याला येऊन मिळाला आणि दोघांनी प्रत्येकी पाचशे डॉलर घातले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. दुकान आधी आणि वाङ्मयीन उपक्रम नंतर, असा हा क्रम नाही. उपक्रम जगवण्यासाठी दुकान निघाले. पुढे नियतकालिक बंद पडले, १९५५ मध्ये मार्टिन न्यूयॉर्कला निघून गेला, आणि दुकान मात्र उरले.

या दुकानात केवळ कागदी बांधणीची पुस्तके विकावयाची, असे सुरुवातीस ठरले होते. त्या काळी अमेरिकेत अशी स्वस्त पुस्तके वर्तमानपत्रांच्या ठेल्यांवर आणि औषधांच्या दुकानांत मिळत. प्रतिष्ठित ग्रंथविक्रेते ती फारशी ठेवीत नसत. बांधणीच्या भेदामागे वाचकवर्गाचा भेद होता. गंभीर वाङ्मय महागड्या कापडी बांधणीत आणि करमणूक कागदी वेष्टणात, ही विभागणी या दुकानाने मोडली. रात्री उशिरापर्यंत ते उघडे असे. काही विकत न घेता तासन्‌तास वाचत बसणाऱ्यास कोणी उठवीत नसे. पत्ता नसलेल्या कवींची पत्रे दुकानाच्या पत्त्यावर येत. १९५५ मध्ये फर्लिंगेटीने ‘पॉकेट पोएट्स’ ही खिशात मावणाऱ्या कवितासंग्रहांची माला सुरू केली, तीही याच दुकानातून. पहिला संग्रह त्याचा स्वतःचाच होता; दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावर केनेथ रेक्सरॉथ व केनेथ पॅचन आले. म्हणजे विक्री, प्रकाशन आणि कवींचे एकत्र येणे या तीन क्रिया एका छपराखाली घडू लागल्या. ज्याला आपण ‘वाङ्मयीन वातावरण’ असे मोघमपणे म्हणतो, त्याला येथे जागा, भाडे आणि उघडण्या-मिटण्याच्या वेळा होत्या.

मालेतील चौथे पुस्तक म्हणजे अ‍ॅलन गिन्सबर्गचे ‘हाउल अँड अदर पोएम्स’. ऑक्टोबर १९५५ मध्ये सिक्स गॅलरीत गिन्सबर्गने या कवितेचे वाचन केले होते. १९५६ मध्ये पुस्तक निघाले. छपाई इंग्लंडमध्ये झाली होती, आणि त्यामुळेच मार्च १९५७ मध्ये जकात अधिकाऱ्यांना दुसऱ्या छपाईच्या ५२० प्रती बंदरावर जप्त करता आल्या. केंद्र सरकारच्या वकिलाने खटला भरण्यास नकार दिला, तेव्हा त्या सोडाव्या लागल्या. मग शहराचे पोलीस पुढे झाले. जूनच्या आरंभी साध्या वेशातील पोलिसांनी दुकानात येऊन पुस्तकाची एक प्रत विकत घेतली. किंमत पाऊण डॉलर. अटक झाली ती गल्ल्यावर बसलेल्या शिगेयोशी मुराओ याला. कविता गिन्सबर्गची होती, प्रकाशक फर्लिंगेटी होता. परंतु कायद्याचा हात प्रथम विक्रेत्याच्या खांद्यावर पडला. हा मुराओ सिअ‍ॅटलमध्ये जन्मलेला जपानी वंशाचा अमेरिकन होता. दुसऱ्या महायुद्धात त्याच्यासारख्या नागरिकांना केवळ वंशामुळे छावण्यांत डांबले गेले, तेव्हा तोही मिनिडोका येथील छावणीत होता. बीट पिढीच्या इतिहासात कवीला जी प्रसिद्धी मिळाली तिच्या मानाने मुराओच्या वाट्याला एखादे वाक्य आले आहे.

न्यायाधीश क्लेटन हॉर्न यांच्यासमोर खटला चालला. मार्क शोरर, वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्क, रेक्सरॉथ अशा नऊ जाणकारांनी पुस्तकाच्या वाङ्मयीन मोलाविषयी साक्षी दिल्या, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी फर्लिंगेटी निर्दोष ठरला. ज्या कृतीत समाजाच्या दृष्टीने काही एक महत्त्व आहे ती अश्लील ठरत नाही, हे या निकालाचे सूत्र वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मुराओच्या सुटकेचे कारण मात्र वेगळे होते व ते सहसा सांगितले जात नाही. पुस्तकात काय आहे हे त्याला ठाऊक होते, असा पुरावाच पुढे आला नव्हता. म्हणून तो सुटला. कवितेचा बचाव तिच्या मोलावर झाला, विक्रेत्याचा बचाव त्याच्या अज्ञानावर झाला.

या दोन बचावांमधील विसंगती मूलगामी आहे. ‘सिटी लाइट्स’ची सारी कल्पनाच विक्रेता हा वाचक असतो या श्रद्धेवर उभी होती. न्यायालयात मात्र त्याला तारणारी भूमिका न वाचणाऱ्याची ठरली. जो विक्रेता आपल्या फळीवरील पुस्तके वाचतो, तो कायद्यापुढे अधिक उघडा पडतो. दोन वर्षांनंतर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्मिथ विरुद्ध कॅलिफोर्निया’ या लॉस एंजेलिसमधील पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात या प्रश्नाचा निराळ्या अंगाने विचार केला. मजकुराच्या ज्ञानाचा विचार न करता विक्रेत्याला दोषी धरले, तर तो स्वतः तपासलेलीच पुस्तके विकावयास ठेवील. आणि त्यामुळे निर्दोष पुस्तकेही वाचकापर्यंत पोचणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. विक्रेत्याचे अज्ञान ही येथे सबब राहिली नाही. एका माणसाला वाचता येईल त्याहून अधिक पुस्तके ज्या फळीवर असतात, ती फळी हा वाचकांचा हक्क आहे, असा या युक्तिवादाचा आशय आहे. हा निकाल १४ डिसेंबर १९५९ रोजी लागला.

त्याआधी दोनच दिवस, १२ डिसेंबर १९५९ रोजी, मुंबईत घडलेली घटना शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. पुस्तकांच्या एका दुकानातून एका बनावट गिऱ्हाइकाने डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची असंक्षिप्त प्रत विकत घेतली. दुकानाच्या चारही भागीदारांवर भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली खटला झाला. मुल्कराज आनंद यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली. तरीही प्रत्येकास वीस रुपये दंड झाला. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही, म्हणून त्यांच्यापैकी रणजित उदेशी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६४ मध्ये न्या. हिदायतुल्ला यांनी शिक्षा कायम केली. या निकालाची चर्चा आपल्याकडे अश्लीलतेच्या कसोटीपुरती होते, कारण हिक्लिन कसोटी भारतात याच निकालाने दृढ झाली. वाङ्मयव्यवहाराच्या दृष्टीने त्याचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. मजकुराचे ज्ञान विक्रेत्याला होते हे सिद्ध करणे फिर्यादी पक्षावर बंधनकारक नाही. ते ज्ञान नसेल तर फार तर शिक्षा सौम्य होईल, गुन्हा पुसला जाणार नाही, असे न्यायालयाने मानले.

वीस रुपयांचा दंड त्या काळीही मोठा नव्हता. पण त्यातून विक्रेत्याला मिळालेला धडा मोठा होता. सॅन फ्रान्सिस्कोत मुराओ ज्या दारातून बाहेर पडला, ते दार मुंबईत बंद झाले. एखादे पुस्तक आक्षेपार्ह ठरू शकेल अशी नुसती शंका आली तरी ते न ठेवणे हाच शहाणपणा ठरला. अशा रीतीने न ठेवलेल्या पुस्तकाचा पुरावा कोठेच उरत नाही. बंदीचा हुकूम राजपत्रात सापडतो, खटल्याची कागदपत्रे दप्तरात सापडतात. विक्रेत्याने मनाशी घेतलेल्या निर्णयाची नोंद कोणीच करीत नाही. अभिरुचीचा इतिहास लिहिणाऱ्याला ही अडचण टाळता येत नाही, कारण अमुक प्रकारचे लेखन वाचकांनी नाकारले, असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा ते वाचकांच्या हाती पोचले होते का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

१९६९ च्या दुरुस्तीने विज्ञान, साहित्य, कला यांच्या हितासाठी झालेल्या प्रकाशनाला कलम २९२ मध्ये अपवाद मिळाला. त्याच दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याची कमाल शिक्षा तीन महिन्यांवरून दोन वर्षांवर नेली, आणि विक्रीसंबंधीच्या पोटकलमात ‘जाणूनबुजून’ हा शब्द काही आला नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिन कसोटी बाजूला सारली. पुढच्याच वर्षी वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचा निकाल आला. १९९४ मध्ये ही कविता बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका नियतकालिकात छापली गेली होती. न्यायालयाने कवीवरील आरोप कायम ठेवला. मुद्रक आणि प्रकाशक यांना वगळले, कारण त्यांनी आधीच माफी मागितली होती. मुराओ अज्ञानामुळे सुटला होता, हे दोघे माफीमुळे सुटले. ग्रंथव्यवहारातील कवीखेरीजच्या माणसाला ‘हे मी समजून-उमजून केले’ असे म्हणण्याची सोय दोन्हीकडे नाही. जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि या कलमाचा क्रमांक २९४ झाला; प्रश्न तोच राहिला.

‘सिटी लाइट्स’चा मराठीशी येणारा संबंध सहसा प्रभावाच्या भाषेत मांडला जातो. १९६२ मध्ये गिन्सबर्ग मुंबईत आला, त्याच्या भारतातील रोजनिशी १९७० मध्ये ‘सिटी लाइट्स’च्या सहभागाने प्रसिद्ध झाल्या, आणि लघुनियतकालिकांच्या कवींवर बीट कवींची छाया शोधण्याचा प्रघात पडला. ही चर्चा कवितेपुरती राहते. तुलना व्यवस्थांची केली तर वेगळे चित्र दिसते. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ यांच्याजवळ कवी होते, संपादक होते, प्रस्थापिताला नकार देण्याचे धैर्य होते. स्वतःचा गल्ला नव्हता. अंक प्रामुख्याने हातोहात आणि टपालाने फिरले. लघुनियतकालिकांचे ‘अनियतकालिक’ होणे ही केवळ भूमिका नव्हती, त्यात विक्रीव्यवस्थेच्या अभावाचाही वाटा होता, असे मला वाटते.

याउलट मराठीत दुकानातून उभ्या राहिलेल्या वाङ्मयीन संस्था मध्यमवर्गीय अभिरुचीच्या प्रवाहात होत्या. लॅमिंग्टन रोडवरच्या पॉप्युलर बुक डेपोच्या घराण्यातून रामदास भटकळांनी १९५२ मध्ये मराठी प्रकाशन सुरू केले. गिरगावात पुस्तके विकणाऱ्या केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये ‘ललित’ हे ग्रंथप्रसाराला वाहिलेले मासिक काढले. नवे पुस्तक कोणते आले, कोण काय लिहीत आहे, याची वार्ता गावोगावच्या वाचकापर्यंत नेणारे हे मासिक एका विक्रेत्याच्या अनुभवातून जन्मले, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासात ठळकपणे नोंदवली जावयास हवी. दुकान आणि बंडखोर लेखन यांची जी गाठ कोलंबस अव्हेन्यूवर पडली, ती मात्र मराठीत क्वचितच पडली. त्याची कारणे कवींच्या प्रतिभेत शोधण्यापेक्षा भाड्यात, उधारीत आणि कलम २९२ मध्ये शोधणे अधिक फलदायी ठरेल.

या विवेचनाला एक मर्यादा घालून घेतली पाहिजे. ‘सिटी लाइट्स’ला आदर्शाच्या आसनावर बसवण्याचे कारण नाही. बंडखोरांचा अड्डा म्हणून प्रसिद्ध झालेले हे दुकान २००१ मध्ये शहराचे अधिकृत वारसास्थळ झाले. ज्या नगरीच्या पोलिसांनी विक्रेत्याला पकडले, त्याच नगरीने दुकानाचा गौरव केला. खटल्याने पुस्तकाला जी प्रसिद्धी दिली तिचा लाभ संस्थेला पुढे दीर्घकाळ झाला, हेही विसरता येत नाही. तरीही दुकान टिकण्याची कारणे अगदी लौकिक आहेत. संस्थेने १९९९ मध्ये इमारत विकत घेतली, त्यामुळे भाडेवाढीचे भय गेले. एप्रिल २०२० मध्ये महामारीमुळे दार बंद झाले, तेव्हा तीन लाख डॉलरचे आवाहन केले गेले आणि काही दिवसांतच त्याहून अधिक रक्कम वाचकांनी उभी केली. फर्लिंगेटी फेब्रुवारी २०२१ मध्ये एकशे एकाव्या वर्षी वारला; दुकान त्याच्यामागे राहिले.

मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वरील खटल्याची चर्चा आपण पिढ्यान्‌पिढ्या कवीभोवती करीत आलो, आणि ते स्वाभाविकच होते. पण एखादी कविता सार्वजनिक होते म्हणजे काय होते, याचे उत्तर कवीच्या टेबलाशी पुरे होत नाही. कोणीतरी ती फळीवर ठेवतो, कोणीतरी तिचे पैसे घेतो आणि गिऱ्हाईक खरे की बनावट हे त्याला कळत नाही. त्या क्षणी त्याने पत्करलेली जोखीम ही त्या वाङ्मयकृतीच्या सामाजिक अस्तित्वाचा भाग असते. वाङ्मयेतिहासात तिची नोंद व्हावयाची असेल, तर दुकानांच्या वह्या, उधारीच्या याद्या, परत गेलेल्या गठ्ठ्यांच्या पावत्या आणि वृद्ध विक्रेत्यांच्या आठवणी या साधनांकडे अभ्यासकांना वळावे लागेल. ही साधने वेगाने नष्ट होत आहेत. मजकुराच्या अभ्यासाला वेळ आहे, यांच्या जतनाला तो नाही.