मानसिक आघात व देहभान

युद्ध, अपघात, अत्याचार यांसारखा जीवघेणा प्रसंग संपल्यानंतरही काही व्यक्तींचे शरीर धोक्याच्याच अवस्थेत राहते. धडधड, स्नायूंचा ताठरपणा, दचकणे, निद्रानाश अथवा याउलट अंगाची बधिरता ही त्याची लक्षणे होत. श्वास, हृदयस्पंदन, स्नायूंचा ताण इ. आंतरिक संवेदनांची जाणीव म्हणजे येथे देहभान होय. आघातोपचारात या जाणिवेला स्थान मिळण्यास सु. शंभर वर्षे लागली. रुग्णाच्या शरीरावर अधिकार कोणाचा, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये रेल्वे-अपघातांतून वाचलेल्यांच्या तक्रारींचे वर्णन करून त्यांचे मूळ मज्जारज्जूच्या इजेत शोधले. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां मार्तँ शार्को यांनी, दृश्य इजा नसताना अपघातानंतर येणारे काही पक्षाघात मानसिक स्वरूपाचे असतात, असे प्रतिपादिले.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) हा प्रश्न तीव्र झाला. वाचा गेलेले, पाय लुळे पडलेले, अंगाला कापरे भरलेले सैनिक रुग्णालयांत येऊ लागले. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आणली. तथापि अशा सैनिकाला रोगी मानावे की भ्याड, याविषयी लष्करात एकमत नव्हते. पलायन, भ्याडपणा इ. गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या ब्रिटिश व साम्राज्यातील ३०६ सैनिकांना मरणोत्तर क्षमा मिळाली, ती २००६ मध्ये. लंडनमध्ये लुईस येलंड हे मुक्या झालेल्या सैनिकांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलावयास भाग पाडीत. याउलट एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात विल्यम रिव्हर्स यांनी दडपलेल्या स्मृतींविषयी बोलण्यावर, तर आर्थर ब्रॉक यांनी श्रम व उद्योग यांवर भर दिला. कवी विल्फ्रेड ओएन हे १९१७ मध्ये ब्रॉक यांचे रुग्ण होते.

एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या क्रमिक शिथिलीकरणात रुग्णाने स्वतःच स्नायूंचा ताण ओळखून तो सोडावयाचा असे. एब्रम कार्डिनर यांनी १९४१ मध्ये युद्धजन्य मज्जाविकृतीचा गाभा शारीरिक असल्याचे मत मांडले. व्हिएटनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकन मानसरोगचिकित्सकांच्या वर्गीकरणात आघातोत्तर ताण विकृतीचा समावेश झाला. त्यानंतरच्या काळात पीटर लेव्हीन, बेसल व्हॅन डर कोल्क प्रभृतींनी शारीरिक संवेदना उपचाराच्या केंद्रस्थानी आणल्या.

व्हॅन डर कोल्क व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ही विकृती दीर्घकाळ असलेल्या व अन्य उपचारांना दाद न देणाऱ्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांनंतर योगगटातील ३१ पैकी १६ व आरोग्यशिक्षण गटातील २९ पैकी ६ जणींमध्ये निदानाचे निकष उरले नव्हते. मात्र एवढ्या लहान चाचणीवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही. आघातकेंद्री संभाषणात्मक उपचारांना याहून विस्तृत पुराव्याचा आधार आहे. शिवाय शरीराकडे लक्ष वळविल्याने काहींच्या भयस्मृती जाग्या होतात. म्हणून अशा योगवर्गांत आज्ञा न देता पर्याय सुचविले जातात. कोणती हालचाल करावयाची आणि केव्हा थांबावयाचे, हे रुग्णच ठरवितो.