चिठ्ठीतली गाणी

कॅसेट भरून देणं हा एके काळी चांगला चालणारा धंदा होता, हे आता पोरांना समजावून सांगावं लागतं. गिऱ्हाईक गाण्यांची चिठ्ठी घेऊन यायचं. कोरी कॅसेट आमच्याकडची घ्यायचं, नाहीतर घरचीच एखादी पुसून भरायला टाकायचं. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास, सात-आठ गाणी. नव्वदची म्हणजे दहा-अकरा. बाजू संपताना गाणं तुटता कामा नये, म्हणून प्रत्येक गाण्याची लांबी वहीत लिहिलेली असायची. हे कायद्यात बसत नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी गावोगाव अशी दुकानं होती. सोलापुरात नवी पेठेत एका जिन्याखाली माझं होतं.

चिठ्ठीवरून माणूस कळायचा. पूर्व भागातला पद्मशाली विणकर आला की घंटसालांची तेलुगू गाणी मागायचा, मग तो सोलापुरातच जन्मलेला का असेना. कन्नड बोलणारा व्यापारी राजकुमारांची मागायचा. शाळामास्तर हिंदी मागायचे, पण ‘पन्नास ते साठमधलीच’ असं बजावून. भाषा कोणतीही असो, चिठ्ठी काउंटरवर ठेवताना एक वाक्य सगळ्यांचं सारखं: आता कुठे राहिलीत अशी गाणी!

ज्याचं जे वय, त्याची ती गाणी, असा सरळ हिशेब कोणीही मांडेल. माझ्या वहीत तो जुळत नव्हता. यंत्रमागावरचा एक जॉबर, पंचविशीचा असेल, अख्खी कॅसेट सैगलची भरून घ्यायचा. सैगल १८ जानेवारी १९४७ला गेले. हा जन्मला त्यानंतर कितीतरी वर्षांनी. विचारलं तर म्हणाला, “शाळेची वेळ होती ती.” रेडिओ सिलोनवर सकाळी साडेसातला जुन्या चित्रपटांची गाणी लागत आणि आठ वाजायच्या आत शेवटचं गाणं सैगलचं. वडील दाढी करताना ऐकायचे. सैगल सुरू झाला की यानं दप्तर उचलायचं. त्याला सैगल कळला होता का, कोण जाणे. पण ती सकाळ त्या आवाजात मुरली होती, आणि वडील गेल्यावर तीच त्याला कॅसेटमध्ये हवी होती.

तेव्हा घरात रेडिओ एकच. त्याचं लायसन पोस्टात जाऊन काढावं लागे, वर भरतकामाचं झाकण असे आणि काट्याला हात लावायची मुभा घरातल्या एकाच माणसाला. बहुतेक घरांत ते वडील. आमच्याकडे अण्णा गिरणीत टाइमकीपर होते. ते दुसऱ्या पाळीला गेले की काटा काकाच्या ताब्यात. मला नौशाद आणि शंकर-जयकिशन दोन्ही आवडतात, त्याचं कारण एवढंच. पोरांनी निवडलेलं काहीच नसे. आपण ज्याला आपली आवड म्हणतो, ती त्या काटा धरणाऱ्यानं ठरवलेली असते.

आता मागे जाऊ. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांना सिनेमाची गाणी उथळ आणि पाश्चात्त्य वळणाची वाटत. आकाशवाणीवर या गाण्यांचा वेळ कमी झाला, गाणी पारखून लावायचं ठरलं, आणि चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे जाहिरात म्हणून तेही बंद. निर्माते चिडले, त्यांनी परवानगीच काढून घेतली. श्रोते सिलोनकडे गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करायचे, टेप कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठ वाजता हिंदुस्थानभर लोक रेडिओला कान लावून बसायचे. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली.

केसकरांना हसणं सोपं आहे. पण त्यांचा जन्म १९०३चा. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ आला १९३१ साली, म्हणजे तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांच्या बालपणात सिनेमाचं गाणं ही वस्तूच नव्हती. आमच्या आजोबांच्या पिढीचंही तेच. त्यांच्या कानात बालगंधर्वांची पदं. १९५१ला ‘अलबेला’ आला तेव्हा त्यांना सी. रामचंद्रांचं संगीत म्हणजे धांगडधिंगा वाटला होता. हे सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. आज कुठल्याही ‘सुवर्णकाळा’च्या मैफलीत ‘अलबेला’चं गाणं झाल्याशिवाय लोक उठत नाहीत. सुवर्णकाळ म्हणून ज्याच्या आरत्या ओवाळतो, त्यातला मोठा भाग सरकारी रेडिओनं दाराबाहेर ठेवलेला होता.

हेच पुन्हा घडताना मी काउंटरमागून पाहिलं. ‘दम मारो दम’ १९७२च्या गीतमालेत वर्षभरात पहिलं आलं, आणि नौशादचे भक्त राहुल देव बर्मनचं, म्हणजे पंचमचं, नाव काढलं की कपाळाला आठ्या घालायचे. ऐंशीच्या उत्तरार्धात त्याच्याकडे काम कमी झालं. ४ जानेवारी १९९४ला तो गेला. त्याचं संगीत असलेला ‘१९४२ अ लव्ह स्टोरी’ त्यानंतर आला. तोवर सत्तरच्या दशकातली शाळकरी पोरं पगारदार झाली होती. आता त्यांच्या हातात काटा होता. बघता बघता पंचम ‘क्लासिक’ झाला.

मधल्या काळात बाजारच बदलला. जपानी टू-इन-वन घरोघर आले आणि गुलशन कुमारांच्या टी-सीरिजनं कॅसेट स्वस्त करून पानाच्या टपरीवर नेऊन ठेवली. जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घ्यायची, तीही १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या सवलतीच्या आधारानं, हा त्यांचा मोठा उद्योग. जुने दर्दी ‘नक्कल’ म्हणून नाक मुरडत. पण ज्या घरात रेकॉर्ड प्लेअर कधीच आला नव्हता, तिथल्या पोरांनी रफीची गाणी पहिल्यांदा ऐकली ती दुसऱ्याच्याच आवाजात. त्यांच्यासाठी तेच मूळ.

१९८९ला ‘मैंने प्यार किया’ आला. संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील, दादा कोंडक्यांच्या चित्रपटांमुळे मराठी माणसाला आधीच माहीत. पोरं पॉकेटमनीतून कॅसेट घ्यायची आणि मागे उभे असलेले बाप म्हणायचे, “काय तो गोंगाट!” ती पोरं आता पंचेचाळिशी ओलांडून गेली. लग्नात डीजेनं त्यातलं गाणं लावलं की त्यांचे डोळे भरतात, आणि स्वतःच्या मुलीच्या मोबाइलमधलं गाणं त्यांना गोंगाट वाटतं.

अभ्यासकांनीही हे मोजून पाहिलं आहे. होलब्रुक आणि शिंडलर या दोघा अमेरिकनांनी १९८९ साली सोळा ते शहाऐंशी वयाच्या माणसांना वेगवेगळ्या काळातली गाणी ऐकवली. आवड शिगेला पोचली ती ऐकणाऱ्याच्या चोविशीच्या आसपास गाजलेल्या गाण्यांपाशी. मग माझा जॉबर कुठे बसतो? त्याचं उत्तर २०१३च्या दुसऱ्या अभ्यासात आहे. क्रुमहान्सल आणि झुपनिक यांना विशीतल्या मुलांमध्ये स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबर आईवडिलांच्या तारुण्यातल्या गाण्यांचीही ओढ दिसली, आणि तिच्याही मागे साठच्या दशकातल्या गाण्यांची. म्हणजे गाणी वारशानं येतात. अट एकच: ती घरात मोठ्यानं वाजली पाहिजेत.

मूळ गाण्याला कोणी हात लावला की लोक का खवळतात, तेही यातूनच कळतं. २००२ साली ‘कांटा लगा’चं रिमिक्स आलं तेव्हा १९७२च्या ‘समाधी’ची आठवण नसलेलेही मूळ गाण्याच्या पावित्र्यावर बोलू लागले. २०२०ला ‘मसक्कली’चं नवं रूप आलं, तर खुद्द ए. आर. रेहमाननं लोकांना मूळ गाणं ऐकायला सांगितलं. ते गाणं २००९च्या ‘दिल्ली-६’मधलं, म्हणजे अकराच वर्षांचं होतं. पण तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आता एकविशीत होतं, आणि त्याच्या शाळेच्या दिवसांत कोणीतरी हात घातला होता. चाल बिघडल्याचा राग खरा असतोच. त्याहून मोठा राग परवानगी न घेता घरात शिरल्याचा असतो.

म्हणून ‘जुनं गाणं चांगलं की नवं’ हा वाद मी दुकानात कधी घातला नाही. चाल, शब्द, वाद्यमेळ यांची तुलना जरूर करावी, त्याला कान आणि अभ्यास लागतो. पण ‘आमच्या वेळची गाणी’ असं म्हणणारा माणूस संगीताबद्दल कमी आणि काटा धरणाऱ्या हाताबद्दल जास्त बोलत असतो, एवढं ध्यानात ठेवावं.

सीडी आली, मग मोबाइल आला आणि दुकान बंद झालं. त्याचं दुःख नाही, धंदे येतात-जातात. काळजी वाटते ती इअरफोनची. एका घरात चार माणसं चार गाणी ऐकतात आणि एकाचं दुसऱ्याच्या कानावर पडत नाही. तेव्हा मुलांच्या आवडीला नावं ठेवण्यापेक्षा सकाळी स्वयंपाकघरात तुमचं आवडतं गाणं मोठ्यानं लावा. संध्याकाळी तेवढाच वेळ त्यांचं गाणं लावू द्या, आणि गोंगाट म्हणू नका.