फडावरचं शहाणपण वर्गात: पुण्याच्या स्त्री अभ्यास केंद्राची वाटचाल

शिमग्याच्या दिवसांत दाभोळ खाडीच्या दोन्ही अंगांना, इकडे दापोली तालुक्यात आणि पलीकडे गुहागरात, खेळे निघतात. काळ्या झग्यातला, उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा संकासुर, लुगडं नेसलेला गोमू, साथीला मृदुंग आणि झांजा. यावर लिहिणाऱ्यांचा सूर बहुधा ठरलेला असतो. आधी ‘लोप पावत चाललेली लोककला’ म्हणून उसासा टाकायचा, मग गण, गवळण, वग असा नमनाचा, म्हणजे खेळ्यांच्या प्रयोगाचा, क्रम सांगायचा आणि शासनाने लक्ष द्यावं म्हणून लेख संपवायचा. खेळे कोणी काढायचे, पहिला मान कोणाचा, कोणाच्या अंगणात थांबायचं आणि कोणाच्या नाही, बाईचा वेश पुरुषानेच का घ्यायचा आणि तेव्हा वाडीतली बाई कुठे उभी असते, हे विचारायला सहसा कोणी जात नाही. खेळ्यांना मात्र यातलं पुष्कळ तोंडपाठ असतं.

कलेबद्दल असे प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या महाराष्ट्रातल्या मोजक्या जागांपैकी एक म्हणजे पुणे विद्यापीठातलं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र. नाट्यशास्त्राशी त्याचा औपचारिक संबंध नाही. तरी तमाशा, लावणी आणि जलसा यांच्या अभ्यासाला तिथे जे वळण मिळालं, ते मला नाट्य विभागांच्या कामाइतकंच मोलाचं वाटतं.

केंद्र सुरू झालं 1987 मध्ये. स्त्रियांच्या स्थितीबद्दलचा 1974 चा राष्ट्रीय अहवाल आणि 1986 चं शैक्षणिक धोरण यांच्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर अशा केंद्रांना पैसा द्यायला सुरुवात केली होती. विद्युत भागवत या केंद्राच्या संस्थापक संचालक. त्यांचा ओढा मराठीतल्या विचारपरंपरेकडे होता. संत कवयित्री, सावित्रीबाई, ताराबाई शिंदे यांना पाश्चात्त्य सिद्धान्तांची उदाहरणं म्हणून वापरायचं नाही, त्यांच्याकडे विचारवंत म्हणूनच पाहायचं, ही दिशा त्यांच्यामुळे ठरली.

पुढचं मोठं वळण शर्मिला रेगे यांचं. समाजशास्त्राच्या या प्राध्यापिकेने 1995 मध्ये लावणी कलावंतांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तोवर लावणीबद्दल बोलायचं म्हणजे होनाजी, राम जोशी, प्रभाकर अशी शाहिरांची नावं घ्यायची आणि शृंगाराचं कौतुक करायचं किंवा नाक मुरडायचं. रेगे यांनी नजर शाहिरावरून नाचणारीवर वळवली. पेशवाईत बटकी आणि कुणबिणी म्हणून स्त्रियांची खरेदी-विक्री होत होती, नाटकशाळा पोसल्या जात होत्या. खालच्या मानलेल्या जातींतली बाई स्वभावतःच चवचाल, ही समजूत पसरवणं त्या व्यवहाराला सोयीचं होतं आणि लावणीने त्या समजुतीला गोडवा दिला, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. पुढे मराठी चित्रपटाने लावणी उचलली, तिच्यातून पडद्यावर खूप नफा कमावला, पण संगीत बारीच्या थिएटरांत रात्री जागवणाऱ्या कोल्हाटी-डोंबारी बायकांच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नाही.

मधल्या काळातला सरकारी हात विसरून चालणार नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच खेर मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली, मग सुधारणा समिती आली, संहिता तपासून घेण्याची अट आली. तमाशा ‘स्वच्छ’ झाला की मध्यमवर्गाला चालतो. तो स्वच्छ करताना कोणाची चूल विझली हा हिशोब मांडायला केंद्रातल्या अभ्यासामुळे बळ मिळालं.

1998 मध्ये रेगे यांनी दलित स्त्रीवादी भूमिकेची मांडणी केली. गोपाळ गुरू यांच्या 1995 च्या लेखाशी तो संवाद होता, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांशीही. गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीने ‘स्त्री’ म्हणताना स्वतःलाच पाहिलं, हा कृष्णवर्णीय स्त्रियांचा आक्षेप इथल्या सवर्ण स्त्रीवादालाही लागू पडत होता. हा आयात माल आहे, असं तेव्हा आणि नंतरही म्हटलं गेलं. 1972 मध्ये मुंबईतल्या दलित तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचं नाव ठेवलं होतं, तेव्हा हा व्यवहार जुनाच म्हणायचा. मुद्दा उसनवारीचा नव्हताच. ज्याच्या अंगावर व्यवस्था बसते त्याला तिची रचना जवळून कळते, तेव्हा अभ्यासाची सुरुवात तिथून करायची, एवढंच त्यात होतं.

त्याच वाटेने त्या 2002 मध्ये जलशांकडे आल्या. सत्यशोधक जलशांनी तमाशाची चौकट तशीच ठेवली आणि आतला मजकूर बदलला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे गावोगावी नेले. विद्यापीठांच्या लेखी हा प्रचार होता, फार तर लोकसाहित्य. रेगे यांच्या लेखी तो सार्वजनिक वादविवाद होता. वर्तमानपत्रं ज्यांना जागा देत नव्हती, त्यांनी ढोलकीवर उभा केलेला. आमच्या दापोली-दाभोळच्या भागालाही या इतिहासात जागा आहे. गोपाळबाबा वलंगकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनार्य दोषपरिहारक मंडळी काढली ती दापोलीत, दाभोळपासून काही कोसांवर. खेळे आणि जाखडी यांच्याकडे या अंगाने पाहिलं तर विचारायचं पुष्कळ निघेल. परळ-लालबागच्या चाळींत नमन मंडळं उभी करणाऱ्या चाकरमान्याला गावातल्या मानकऱ्याच्या जाचातून त्या रंगमंचाने मोकळं केलं, की नवी मानपानाची यादी दिली? आता बायाही जाखडीला उभ्या राहतात, त्यांना सवाल-जवाब कोण लिहून देतं?

लोकांच्या मौखिक कलेला ज्ञान मानायला लावण्याचा असा झगडा जगात इतरत्रही झाला. नैरोबी विद्यापीठात 1968 मध्ये न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच बंद करून आफ्रिकेच्या मौखिक परंपरेला अभ्यासाच्या मध्यभागी आणण्याची मागणी केली. 1977 मध्ये कामिरिथू गावच्या शेतकरी-कामगारांनी न्गुगींच्या साथीने गिकुयू भाषेत नाटक केलं, सरकारने परवाना काढून घेतला आणि न्गुगींना तुरुंगात टाकलं. न्यूझीलंडच्या माओरी संशोधक लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी 1999 च्या पुस्तकात संशोधनाच्या पद्धतीच तपासल्या. जलशांच्या महाराष्ट्राला यात अनोळखी काही वाटू नये.

केंद्राचं मला सर्वांत आवडणारं काम मात्र वर्गातलं आहे. 2010 मध्ये रेगे यांनी अध्यापनावर लिहिलं, तेव्हा शीर्षकात जोतिराव फुले यांच्या 1855 च्या ‘तृतीय रत्न’ नाटकाचं नाव घेतलं. ते नाटक शिक्षणावरचं, म्हणून अध्यापनशास्त्राचा आधारग्रंथ म्हणूनही ते वाचता येतं, ही कल्पनाच दाद देण्यासारखी. फुले-आंबेडकरी आणि स्त्रीवादी विचार एकत्र आणणाऱ्या या अध्यापनात खेड्यातून आलेला, इंग्रजीला बिचकणारा विद्यार्थी ही अडचण मानलेली नाही. त्याच्या घरची गाणी, ओव्या, आईच्या मजुरीचा अनुभव हे अभ्याससाहित्य ठरतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ अशा वर्गात आत्मचरित्र म्हणून वाचता येतं आणि कोकणातल्या बायकांच्या श्रमांचा ऐवज म्हणूनही. दलित स्त्रियांची आत्मकथनं वाचणारं रेगे यांचं पुस्तक 2006 मध्ये आलं. आंबेडकरांच्या लेखनावरचं त्यांचं पुस्तक 2013 मध्ये आलं, आणि त्याच वर्षी जुलैत त्या गेल्या.

2014 मध्ये साऱ्या विद्यापीठालाच सावित्रीबाईंचं नाव मिळालं. 2017 मध्ये अनुदान आयोगाच्या एका पत्राने देशभरच्या स्त्री अभ्यास केंद्रांच्या पैशाबद्दल अनिश्चितता निर्माण केली. नावं देणं स्वस्त असतं.

वाद मात्र पुढे सरकला. येरवड्यात वाढलेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांचं तमाशातल्या दलित स्त्रियांवरचं पुस्तक 2022 मध्ये आलं, आणि 2024 मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तमाशा सोडून माणुसकी मिळवा, असं चळवळीने सांगितलं, तेव्हा तमाशातच पोट असलेल्या बाईने काय करायचं, हा पेच त्यांनी उघडा ठेवला आहे. दुसरीकडे ‘संगीत बारी’ लिहिणारे भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी कलावंतिणींनाच रंगमंचावर बोलतं केलं. शकुंतलाबाई नगरकर बसल्या जागी एकाच ओळीची अदा अनेक तऱ्हांनी करून दाखवतात, तेव्हा प्रेक्षकांतल्या अभ्यासकाला ‘शोषण’ हा एकच शब्द घेऊन घरी जाता येत नाही. आणि जातीचा हिशोब विसरून नुसती कला पाहायची म्हटलं, तर रेगे यांचा 1995 चा निबंध आडवा येतो. केंद्राच्या वर्गात या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून शिकवाव्या लागतील, आणि तिथे शकुंतलाबाईंनाही बोलावावं लागेल, पाहुण्या कलावंत म्हणून नव्हे, शिकवायला.