गच्चीवरचे पाणी

वातानुकूलनाचा इतिहास बहुधा १९०२ पासून सांगितला जातो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद कमीजास्त फुगे आणि एकावर एक छापलेले रंग जागच्या जागी बसत नसत. त्यावर विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने उपाय शोधला. पुढे चित्रपटगृहे, दुकाने, कचेऱ्या, हॉटेले थंड होत गेली. हा झाला यंत्र बसवणाऱ्यांचा इतिहास. बसवलेले यंत्र वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्यांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही. तो लिहायचा तर १९७६ च्या जुलै महिन्याकडे जावे लागते.

त्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे होत होती. 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेच्या पेनसिल्व्हेनिया शाखेचे अधिवेशन २१ ते २४ जुलै या काळात फिलाडेल्फियात भरले. मुख्य ठिकाण होते बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड, १९०४ मध्ये सुरू झालेले शहरातले नामांकित हॉटेल. प्रतिनिधी आपापल्या गावी परतले आणि एकेक जण तापाने, खोकल्याने, न्यूमोनियाने अंथरुणाला खिळू लागला. अधिवेशनाशी संबंधित १८२ जण आजारी पडले, त्यांतले २९ दगावले. हॉटेलच्या आत न गेलेले, केवळ जवळपासच्या रस्त्यावर वावरलेले आणखी ३९ जण आजारी पडले, त्यांतले पाच वारले.

अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राने तपास हाती घेतला. फ्लू, अन्न, पाणी, निकेलसारख्या धातूची विषबाधा असे एकेक तर्क पुढे आले आणि मागे पडले. गिऱ्हाईक फिरकेनासे झाल्याने नोव्हेंबरात हॉटेलला टाळे लागले. कारण मात्र सापडले नव्हते. डिसेंबरअखेर केंद्रातील शास्त्रज्ञ जोसेफ मॅकडेड यांनी पूर्वी नजरेखालून गेलेल्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. जानेवारी १९७७ मध्ये जाहीर झाले की हा तोवर न ओळखलेला जिवाणू आहे. पुढे त्याला 'लीजिओनेला' हे नाव मिळाले.

जिवाणू नवा नव्हता, ओळख नवी होती. मिशिगन राज्यातील पॉन्टिॲक येथे १९६८ मध्ये एका इमारतीतल्या किमान १४४ जणांना अचानक ताप आला होता. कोणी मेले नाही, म्हणून प्रकरण मागे पडले. पण रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. ते आता तपासले तेव्हा त्यांतही याच जिवाणूच्या खुणा निघाल्या. तेथे वातानुकूलन यंत्रणेतील सदोष भागातून दूषित पाण्याचे तुषार आतल्या हवेत जात होते. आणि ती इमारत होती आरोग्य खात्याची! बेलव्ह्यूमध्येही १९७४ साली भरलेल्या दुसऱ्या एका अधिवेशनानंतर असाच आजार झाल्याचे मागाहून उघड झाले. बेलव्ह्यूतला नेमका स्रोत तपासात हाती लागला नाही. संशयाचे बोट हॉटेलची लॉबी आणि लगतचा परिसर यांच्याकडे गेले. पण पुढच्या अनेक साथींत माग काढत गेलेले लोक एकाच जागी पोहोचले. ती जागा म्हणजे कूलिंग टॉवर.

मोठ्या इमारतीत चिलर आतली उष्णता ओढून घेतो आणि पाण्यावाटे बाहेर पाठवतो. हे कोमट पाणी बहुधा गच्चीवरच्या टॉवरमध्ये जाळीदार थरांवरून खाली झिरपते, पंखा त्यातून हवा ओढतो, थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि उरलेले निवून परत खाली येते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. ते मागे राहून साचत जातात. उघड्या तोंडातून धूळ, पाने, किडे पडतात. टाकीच्या तळाशी गाळ बसतो, भिंतींना बुळबुळीत थर धरतो. या पाण्याचे तापमान तीस-पस्तीस अंशांच्या आसपास, म्हणजे लीजिओनेलाला अगदी मानवणारे. बुळबुळीत थराच्या आत त्याला औषधाचाही उपद्रव कमी. मग पंख्याच्या झोताबरोबर बारीक तुषार उडतात आणि खालून जाणाऱ्याच्या श्वासात जातात.

उपाय जुनेच आहेत. खारावलेले पाणी ठरावीक प्रमाणात सोडून द्यायचे, जंतुनाशक वेळच्या वेळी घालायचे, टाकी रिकामी करून घासायची, तुषार अडवणाऱ्या पट्ट्या फुटल्या असतील तर बदलायच्या, बंद राहिलेला टॉवर पाणी साफ केल्याशिवाय चालू करायचा नाही. अडचण अशी की यातले एखादे काम राहून गेले म्हणून गारवा लगेच कमी होत नाही. खोली थंड झाली नाही तर पाच मिनिटांत तक्रार येते. टाकीत गाळ साचला तर कोणाचाच फोन येत नाही. म्हणून खर्चाला कात्री लावताना पहिली कात्री इथे चालते.

ब्रिटनने १९९२ मध्ये अशा टॉवरची नोंद स्थानिक प्रशासनाकडे करणे सक्तीचे केले. तरी २००२ मध्ये बॅरो-इन-फर्नेस येथे सात जण दगावले. टॉवर होता नगरपरिषदेच्याच कलाकेंद्राचा. म्हणजे नोंद ज्यांनी ठेवायची, त्यांच्याच गच्चीवर देखभाल ढासळली होती. न्यायालयाने परिषदेला दंड केला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात २०१५ मध्ये एका हॉटेलच्या टॉवरमुळे १३८ जण आजारी पडले, १६ वारले. त्यानंतर त्या शहराने नोंदणी आणि नियमित तपासणी बंधनकारक केली. कायदा प्रत्येक वेळी मृतांच्या मागून आला.

मुंबई-पुण्याच्या मॉल, रुग्णालये आणि कचेऱ्यांच्या गच्च्यांवरही हे टॉवर फिरत असतात. लीजिओनेलाचा न्यूमोनिया इतर न्यूमोनियासारखाच दिसतो. वेगळी चाचणी केल्याशिवाय तो ओळखता येत नाही. तेव्हा आपल्याकडे नाव ऐकू येत नाही, एवढ्यावरून निर्धास्त राहता येणार नाही. मॅकडेड यांनी काचपट्टी पुन्हा पाहिली, त्याचे मोल इतिहासाने मानले. दर आठवड्याला शिडी चढून टाकीत डोकावणारा, हातात ब्रश घेतलेला कंत्राटी माणूस तेच काम रोग होण्याआधी करतो. त्याच्या हजेरीपुस्तकातल्या नोंदी कोणी जपून ठेवत नाही. त्या जपल्या पाहिजेत, आणि त्याची फेरी चुकली तर इमारतीच्या मालकाला त्याच दिवशी कळले पाहिजे.