ब्राउझर एक्स्टेन्शन : तंत्रपद्धतीची निवड कशी करावी?

ब्राउझरच्या मूळ कामात भर घालणारा छोटेखानी प्रोग्रॅम म्हणजे एक्स्टेन्शन. जाहिराती रोखणे, पासवर्ड जपणे, पानावरील शब्दाचा अर्थ दाखवणे अशी कामे त्याच्याकडून करून घेतली जातात. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या संकेतस्थळांच्याच तंत्रांत ते लिहिले जात असल्याने आरंभ सोपा वाटतो. मात्र पायाभूत निवड चुकल्यास पुढे सारे काम नव्याने करावे लागते. फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती नोव्हेंबर २०१७ मध्ये आली आणि जुन्या तंत्रावरील एक्स्टेन्शन एका रात्रीत निकामी झाली. ज्यांना ती पुन्हा लिहिणे शक्य नव्हते, त्यांचे श्रम वाया गेले.

ब्राउझर कोणता?

क्रोमची पद्धत आज बहुतेक ब्राउझरांनी थोड्याफार फरकाने स्वीकारली आहे. एज हा ब्राउझर २०२० पासून क्रोमियमवर आधारित असल्याने क्रोमसाठी लिहिलेले एक्स्टेन्शन तेथे बहुधा तसेच चालते. क्रोमच्या दालनात नोंदणीसाठी एकदाच पाच डॉलर भरावे लागतात. फायरफॉक्सकडे शुल्क नाही. सफारीसाठी मात्र एक्स्टेन्शन अ‍ॅपमध्ये गुंफून अ‍ॅप स्टोअरमार्फत सहसा दिले जाते आणि त्यासाठी वर्षाला ९९ डॉलर मोजावे लागतात. वाचक प्रामुख्याने फोनवर असतील, तर फायरफॉक्सचा विचार अगत्याने करावा. अँड्रॉइडवरील फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये एक्स्टेन्शनांना दार खुले केले. फोनवरील क्रोममध्ये ती सुविधा नाही.

मॅनिफेस्टची आवृत्ती

प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये मॅनिफेस्ट नावाची फाइल असते. नाव, परवानग्या आणि घटकांची नोंद तिच्यात होते. क्रोमने जून २०२४ पासून मॅनिफेस्टची दुसरी आवृत्ती टप्प्याटप्प्याने बंद करण्यास प्रारंभ केला. त्यामुळे नवे काम तिसऱ्या आवृत्तीतच करावे. तिच्यात पार्श्वभूमीवरील कोड सतत जागा राहत नाही. क्रोममध्ये सुमारे ३० सेकंद काम नसल्यास तो थांबवला जातो. म्हणून कोणतीही माहिती केवळ चलांमध्ये न ठेवता साठवणीत लिहावी लागते. दूरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवण्यासही मनाई आहे. डेटा मात्र आणता येतो. फायरफॉक्स पार्श्वभूमीसाठी सर्व्हिस वर्करऐवजी साधी स्क्रिप्ट वापरतो. दोन्ही ब्राउझर हवे असल्यास मॅनिफेस्टमध्ये दोहोंची नोंद करावी.

कोड कोठे चालवावा?

उदाहरणादाखल, निवडलेल्या मराठी शब्दाचा अर्थ दाखवणारे एक्स्टेन्शन घेऊ. निवडलेला शब्द वाचणे आणि अर्थाची चौकट दाखवणे हे कंटेंट स्क्रिप्टचे काम. शब्दकोशात शोध घेणे हे पार्श्वभूमीचे काम. वापरकर्त्याच्या आवडीनिवडी सेटिंगच्या पानावर. ही विभागणी आधी कागदावर मांडली तर पुढचा गोंधळ टळतो. चौकटीसाठी शॅडो डॉम वापरल्यास मूळ पानाच्या शैलीशी संघर्ष होत नाही.

देवनागरीसाठी आणखी एक दक्षता हवी. जावास्क्रिप्टमधील शब्द ओळखण्याची नेहमीची चिन्हे केवळ रोमन अक्षरे जाणतात. मराठी शब्दाच्या सीमा त्यांना कळत नाहीत. तेथे इंटल सेगमेंटर ही अंगभूत सोय वापरावी.

साठवण

मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती सुमारे ६० हजार शब्दांची आहे. एवढा ऐवज खात्यासोबत फिरणाऱ्या सिंक साठवणीत मावणार नाही. तिची मर्यादा सुमारे १०० किलोबाइट आहे. त्यातच यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणून कोश इंडेक्स्ड डीबीमध्ये आणि केवळ आवडीनिवडी सिंकमध्ये ठेवणे इष्ट. कोश सर्व्हरवर ठेवला तर एक्स्टेन्शन हलके राहते. पण वाचकाने पाहिलेला प्रत्येक शब्द सर्व्हरपर्यंत पोहोचतो आणि सर्व्हरचा खर्चही कायम राहतो.

परवानग्या

सर्व संकेतस्थळे वाचण्याची परवानगी मागणे सोपे. परंतु त्यात वाचकाचे बँकेचे पान आणि ईमेलही आले. बटण दाबल्यावर केवळ समोरच्या टॅबपुरता प्रवेश देणारी अ‍ॅक्टिव्ह टॅब ही परवानगी अनेकदा पुरेशी ठरते. इशारा दाखवावा लागेल अशी परवानगी नंतर वाढवल्यास वापरकर्ता संमती देईपर्यंत क्रोम ते एक्स्टेन्शन बंद ठेवतो. त्यामुळे हा निर्णय आरंभीच विचारपूर्वक घ्यावा.

साधने

दोन-तीन फाइलींच्या कामाला साधी जावास्क्रिप्ट पुरते. पडदे वाढत असतील, तर टाइपस्क्रिप्ट आणि रिअ‍ॅक्ट उपयोगी पडतात. अनेक ब्राउझरांसाठी बांधणी करायची असल्यास डब्ल्यूएक्सटीसारखी चौकट श्रम वाचवते; मात्र ती स्वतः अद्ययावत ठेवण्याचे ओझेही सोबत येते.

एकाच व्यक्तीला एकाच पानावर छोटीशी सोय हवी असेल, तर बुकमार्कमध्ये साठवलेली जावास्क्रिप्टची ओळही काम भागवते. एरवी आधी वाचक, मग ब्राउझर, त्यानंतर परवानग्या आणि अखेरीस साधने, हा क्रम पाळावा. बहुतेक जण साधनांपासून आरंभ करतात आणि परवानग्यांपाशी येऊन अडतात.