परदेशी उपयोगाच्या दस्तऐवजांचे अधिप्रमाणन : धाराशिव जिल्हा

एका देशाच्या अधिकाऱ्याने दिलेला जन्म, विवाह, अधिवास किंवा नागरिकत्व यांविषयीचा दस्तऐवज दुसऱ्या देशात ग्राह्य ठरावा, म्हणून त्यावरील सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचे पद खरे असल्याची वरिष्ठ अधिकाऱ्याने दिलेली ग्वाही म्हणजे अधिप्रमाणन होय. ही ग्वाही मजकुराच्या खरेपणाची नसते. दाखल्यातील जन्मतारीख बरोबर आहे किंवा काय, याच्याशी अधिप्रमाणन करणाऱ्याचा संबंध येत नाही; दाखला देणारा अधिकारी खरोखरच त्या पदावर होता व सही त्याचीच आहे, एवढेच तो सांगतो. त्यामुळे वर कितीही शिक्के उमटले, तरी दस्तऐवजाचे बळ शेवटी गावाच्या मूळ नोंदवहीइतकेच राहते. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या इतिहासात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसून येते. शंभर वर्षांच्या आत या प्रदेशातील सार्वभौम सत्ता अनेकदा बदलली आणि तिच्याबरोबर दप्तराची भाषा, कालगणना, जिल्ह्याची सीमा व अखेरीस त्याचे नावही बदलले.

सत्तांतरे : १७९८ व १८०० या वर्षी इंग्रजांशी झालेल्या तहांनी निजामाचे परराष्ट्रीय व्यवहार ईस्ट इंडिया कंपनीच्या नियंत्रणाखाली गेले. तैनाती फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड व रायचूर दोआब यांबरोबरच धाराशिवचा मुलूखही कंपनीकडे सोपविण्यात आला. नळदुर्ग हे मुख्य ठाणे असलेल्या या जिल्ह्याचा कारभार इंग्रजी कादंबरीकार म्हणून आधीच प्रसिद्धीस आलेले मेडोज टेलर यांच्याकडे देण्यात आला. १८५८ मध्ये कंपनीची सत्ता इंग्लंडच्या राणीकडे गेली आणि १८६० च्या तहाने हा मुलूख निजामास परत मिळाला. अशा रीतीने आपले गाव न सोडताही येथील रहिवासी सात वर्षांत निजामाचा प्रजाजन, कंपनीच्या अमलाखालील रहिवासी, राणीचा प्रजाजन व पुन्हा निजामाचा प्रजाजन झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिव येथे हलविण्यात आले आणि पुढे मीर उस्मान अली खान या अखेरच्या निजामाच्या नावावरून त्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले.

संस्थानी प्रजेचा दर्जा : ब्रिटिश कायद्यानुसार संस्थानातील रहिवासी ब्रिटिश प्रजाजन नव्हता; परदेशात त्याची गणना ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ अशी होत असे. हैदराबाद संस्थानास स्वतंत्र परराष्ट्रीय संबंध ठेवता येत नसल्यामुळे परदेशगमनासाठी लागणारे पारपत्र ब्रिटिश अधिकाराखालीच मिळे. संस्थानाच्या अंतर्गत व्यवहारात मात्र ‘मुलकी’ ही निराळी कल्पना रूढ होती. संस्थानात जन्मलेला किंवा ठराविक वर्षे तेथे स्थायिक असलेला मनुष्य मुलकी समजला जाई व सरकारी नोकरीत त्यास अग्रक्रम मिळे. मुलकीपणाचा दाखला हा नागरिकत्वाच्या दाखल्याचा एक प्रकारे पूर्वज होय. पण संस्थानाबाहेर त्यास फारसे मोल नव्हते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिशांचे अधिराज्य संपुष्टात आले. शेजारचे सोलापूर व बार्शी स्वतंत्र भारतात होते, तर उस्मानाबाद निजामाच्या राज्यात राहिले. त्यामुळे पुढील तेरा महिने या दोन मुलखांमधील हद्द ही वस्तुतः आंतरराष्ट्रीय सीमेसारखीच होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गमार्गे संस्थानात शिरले व १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पतकरली.

या कारवाईनंतर संस्थानात झालेल्या हिंसाचाराची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने गुलबर्गा, बीदर व नांदेड यांच्या जोडीने उस्मानाबादची गणना केली. ज्यांना घरदार सोडून जावे लागले, त्यांच्या बाबतीत जन्म व वास्तव्य सिद्ध करण्याचा प्रश्न पुढे केवळ कागदाचा राहिला नाही. कोणत्या देशाचे नागरिक म्हणून जगावयाचे, हेच त्यावर अवलंबून राहिले. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुच्छेदाने १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेल्यांस सर्वसाधारणपणे भारतीय नागरिकत्वातून वगळले होते. पुनर्वसनाच्या परवान्यावर परतलेल्यांचा तेवढा अपवाद होता.

नागरिकत्वाचा पुरावा : निजामाने नोव्हेंबर १९४९ मध्ये भारतीय संविधान स्वीकारले आणि २६ जानेवारी १९५० पासून पाचव्या अनुच्छेदानुसार येथील अधिवासी भारताचे नागरिक झाले. यानंतरच्या नागरिकत्वाचे नियमन १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाने होते. त्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, काही अपवाद वगळता, केवळ जन्मामुळे नागरिक ठरते. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आईवडिलांपैकी एकजण भारतीय नागरिक असणे आवश्यक ठरले आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक अवैध स्थलांतरित नसावा, ही अटही त्यात आली. परिणामी तरुण अर्जदाराच्या नागरिकत्वाचा प्रश्न निघाल्यास पुरावा मागच्या पिढीकडे, म्हणजेच जुन्या दप्तराकडे जातो.

जन्माने नागरिक असलेल्या भारतीयास सर्वसाधारणपणे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र दिले जात नाही; ते नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिक झालेल्यांस मिळते. नागरिकत्वाविषयी शंका असल्यास अधिनियमाच्या तेराव्या कलमान्वये केंद्र शासन प्रमाणपत्र देऊ शकते. व्यवहारात परदेशी कार्यालयापुढे पारपत्र, जन्माचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला हेच कागद ठेवले जातात. महाराष्ट्रात यांच्या जोडीला महसूल अधिकाऱ्याकडून मिळणारे ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ असते. तहसील कचेरीत दिल्या जाणाऱ्या या प्रमाणपत्रात राष्ट्रीयत्वाचा उल्लेख असला, तरी तो जन्म व वास्तव्याच्या कागदांवरून काढलेला निष्कर्ष असतो.

मूळ नोंदी व त्यांतील अडचणी : निजामी अमदानीत वरिष्ठ कारभाराची भाषा प्रथम फार्सी व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दू होती, गावपातळीवरील मराठी लिखाणात मोडी लिपी प्रचलित होती. तारखा फसली सनात घातल्या जात. हैदराबादचा फसली सन ऑक्टोबरमध्ये आजूर महिन्याने सुरू होई. त्यामुळे इसवी सन काढताना वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांसाठी ५९० आणि जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. उदा., फसली १३५७ हे वर्ष ऑक्टोबर १९४७ मध्ये सुरू होऊन १९४८ च्या ऑक्टोबरात संपले. हे रूपांतर करताना चूक झाल्यास एकाच व्यक्तीची दोन जन्मवर्षे दोन कागदांवर येतात आणि परदेशी कार्यालयास ती दोन निरनिराळी माणसे वाटू शकतात.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये संमत होऊन १९७० मध्ये अमलात आला. गावातील जन्माचा दाखला ग्रामपंचायतीच्या पातळीवरील निबंधक व शहरातील दाखला नगरपरिषद देते. जन्मानंतर वर्षभरात नोंद झाली नसल्यास १९६९ च्या तरतुदीनुसार प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे. २०२३ च्या सुधारणेने हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. अशा विलंबित नोंदीवरून मिळालेला दाखला कायद्याने वैध असला, तरी परदेशी अधिकारी अनेकदा त्यास शाळेच्या नोंदवहीचा आधार मागतात.

जिल्ह्याच्या सीमा आणि गावांची ठिकाणेही स्थिर राहिली नाहीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जिल्हा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. हैदराबाद संस्थानाचे मध्यवर्ती दप्तर मात्र हैदराबाद येथेच राहिले. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेतलेल्या मराठवाड्यातील पदवीधरांच्या प्रमाणपत्रांचा संबंधही अशाच प्रकारे दुसऱ्या राज्याशी जडला, कारण दस्तऐवज जेथे दिला गेला तेथील राज्य शासनाने प्राथमिक अधिप्रमाणन करावयाचे असते. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे औसा, निलंगा यांसारख्या तालुक्यांत पूर्वी जन्मलेल्यांच्या जुन्या कागदांवर उस्मानाबाद, तर नव्या कागदांवर लातूर असा उल्लेख आढळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा भागाची मोठी हानी केली. लातूर व उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांतील मिळून ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. ढिगाऱ्यांखाली ज्यांची घरे गेली, त्यांचे घरातील कागदही गेले. अशा वेळी सरकारी नोंदवहीतील एक ओळ हाच माणसाच्या ओळखीचा आधार उरतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने शहराच्या ‘धाराशिव’ या नावास संमती दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याच्या नामांतराची अधिसूचना निघाली. नामांतरास आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये फेटाळल्या. पूर्वीच्या दाखल्यांवर व पारपत्रांवर मात्र उस्मानाबाद हेच जन्मस्थान नोंदलेले आहे. दोन्ही नावे एकाच ठिकाणाची आहेत, हे भारतातील वाचकास सांगावे लागत नाही. परदेशातील कारकुनास ते राजपत्राच्या आधारे दाखवून द्यावे लागते.

अधिप्रमाणनाची साखळी व हेग करार : जन्म-विवाहादी वैयक्तिक दस्तऐवजांवर प्रथम राज्य शासनाच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाचे, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे आणि शेवटी संबंधित देशाच्या वकिलातीचे अधिप्रमाणन घेण्याची पद्धत आहे. ही लांबलचक साखळी तोडण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला व तो २४ जानेवारी १९६५ पासून अमलात आला. या करारान्वये वकिलातीच्या शिक्क्याऐवजी ‘अपॉस्टिल’ नावाचे एकच प्रमाणपत्र पुरेसे ठरते. ते किमान ९ सेंमी. बाजूच्या चौरसात छापलेले असून त्यात क्रमांकित दहा नोंदी असतात आणि त्याचे शीर्षक फ्रेंच भाषेत असते. भारत २००४ मध्ये या करारात सामील झाला व १४ जुलै २००५ पासून तो भारतास लागू झाला. सौदी अरेबियाच्या बाबतीत तो डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला; तोवर तेथे नोकरीस जाणाऱ्यांस वकिलातीचा शिक्का घ्यावा लागे. करारात नसलेल्या देशांसाठी तीन टप्प्यांची जुनी पद्धतच वापरली जाते.

आरंभी मंत्रालयाचे हे काम दिल्लीतच चाले. पुढे मुंबई व हैदराबाद यांसह अन्य शहरांतही ते सुरू झाले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-सनद’ योजनेने दस्तऐवज देणाऱ्या कार्यालयाकडूनच संगणकाद्वारे पडताळणी करण्याची सोय केली. तथापि ज्या नोंदी संगणकात आल्या नाहीत, त्यांच्यासाठी मूळ वही उघडण्यास पर्याय नाही.

भारताच्या प्रवेशास जर्मनीने हरकत घेतल्यामुळे त्या दोन देशांत हेग करार अमलात आला नाही. जर्मन वकिलातींनी भारतीय दस्तऐवजांचे अधिप्रमाणन थांबविले आणि त्याऐवजी, आवश्यक तेथे, दाखल्याची स्थानिक नोंदवहीशी प्रत्यक्ष पडताळणी करून घेण्याची पद्धत अवलंबिली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन व जर्मनीतील बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. त्यामुळे ग्रामीण भागातील परिचारिका व कारागीर यांच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा ठरला. एखाद्या अर्जदाराची पडताळणी निघाल्यास मुंबई किंवा दिल्लीच्या शिक्क्यांपेक्षा परंडा, भूम किंवा उमरगा तालुक्यातील ग्रामपंचायतीची वही निर्णायक ठरते. ती वही सुस्थितीत असणे, तिच्यातील नाव दाखल्यावरील नावाशी जुळणे आणि जुन्या नोंदी असल्यास त्यांतील मोडी व उर्दू मजकूर वाचू शकणारा माणूस उपलब्ध असणे, यांवर अर्जाचा निकाल अवलंबून असतो.